लाकडी ठशांपासून कोडपर्यंत

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हिट्रूव्हियस या रोमन स्थापत्यविशारदाने बांधकामावर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. चुना कसा भाजावा, वाळू कशी पारखावी, शहरात पाणी कसे आणावे, वजन उचलणारी यंत्रे कशी उभारावीत, हे सारे त्यात आहे. मजकूर टिकला, पण नकलांवर नकला होताना मूळ आकृत्या गळून पडल्या. पहिली सचित्र छापील आवृत्ती व्हेनिसमध्ये १५११ साली निघाली, तीही संपादकाने मजकुरावरून ताडलेल्या चित्रांसह. यंत्राचे वर्णन वाचून दुसऱ्याला तेच यंत्र उभे करता येईल, याची खात्री शब्द देत नाहीत.

हे पुरते ओळखले ते जर्मनीतील गेऑर्गियस अ‍ॅग्रिकोलाने. तो पेशाने वैद्य. बोहेमियातील योआखिमस्टाल या चांदीच्या खाणींच्या गावी १५२७च्या सुमारास तो नोकरीला लागला. (या गावच्या चांदीच्या नाण्याला ‘टालर’ म्हणत, ‘डॉलर’ हा शब्द त्यातूनच आला.) रोगी तपासता तपासता त्याने खाणकाम, धातू गाळणे, पाणी उपसणे यांची बारकाईने पाहणी केली. ‘दे रे मेतालिका’ हा त्याचा बारा भागांचा ग्रंथ लिहून झाला १५५०मध्ये, पण लाकडी ठशांवरची चित्रे कोरण्यात वर्षे गेली. १५५५च्या नोव्हेंबरात अ‍ॅग्रिकोला वारला आणि पुढच्या वर्षी बाझेलमध्ये ग्रंथ छापून निघाला.

थांबावे लागले, पण चित्रांनी त्याची भरपाई केली. जमीन कापून दाखवल्यासारखी खाण दिसते. खाली पंपांची रांग, वर चाक, बाजूला सुटे भाग मांडलेले आणि प्रत्येकाला अक्षर दिलेले. आजच्या ड्रॉइंगमधला छेद आणि भागांची यादी तिथे ओळखू येते. पहिल्या भागात तर खाणींवरचे आक्षेपही येतात: जंगले तुटतात, ओढ्यांचे पाणी नासते, मासे मरतात. अ‍ॅग्रिकोला खाणींचीच बाजू घेतो, पण विरोधकांचे म्हणणे गाळत नाही.

भाषेने मात्र त्याला नडवले. खाणकामगारांचे शब्द जर्मन, ग्रंथ लॅटिन आणि लॅटिनमध्ये या कामाला शब्दच नव्हते. त्याने ते घडवले. ते इतके अनोळखी होते की पुढच्या अनुवादकांना चित्र पाहून अर्थ लावावा लागला. १९१२ साली इंग्रजी अनुवाद केला तो खाण अभियंता हर्बर्ट हूव्हर आणि त्याची पत्नी लू हेन्री हूव्हर यांनी. हाच हूव्हर १९२९ साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

नंतरच्या यंत्रग्रंथांत थाट वाढला. आगोस्तिनो रामेल्ली या इटालियन अभियंत्याच्या १५८८च्या ग्रंथात १९५ चित्रे आहेत. कोरीवकाम अप्रतिम, पण त्यातली कितीतरी यंत्रे घर्षणाने जागीच अडकली असती. चित्रात घर्षण दाखवता येत नाही; ते मोजावे लागते.

मोजमापाचे वळण दिले जॉन स्मीटन या इंग्लिश अभियंत्याने. लंडनच्या रॉयल सोसायटीचे नियतकालिक १६६५ पासून निघत होते. त्यात १७५९ साली स्मीटनचा पाणचक्क्यांवरचा निबंध आला. लहान प्रतिकृती बांधून, पाण्याचे माप घेऊन, उचललेले वजन नोंदवून त्याने तक्ते दिले. वरून पाणी पडणारी चक्की खालून ढकलल्या जाणाऱ्या चक्कीच्या जवळपास दुप्पट काम देते, हे त्या तक्त्यांतून दिसले. गिरणीमालकाला वाद घालायला जागा उरली नाही. अभियांत्रिकी लेखनात आकडा पुरावा म्हणून उभा राहिला तो इथे.

महत्त्वाची गोष्ट पुस्तकाच्या शेपटाला असू शकते, याचे उदाहरण आँरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याचे. दिजों शहराच्या पाणीपुरवठ्यावरचा त्याचा जाडजूड ग्रंथ १८५६चा. नळ, टाक्या, कारंजी यांच्या वर्णनाने भरलेला. वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपते, याचे प्रयोग त्याने एका परिशिष्टात दिले. आज ग्रंथाचे नाव निघते ते या परिशिष्टामुळेच. भूजल आणि मातीच्या धरणातली गळती यांचे गणित ‘दार्सीच्या नियमा’वरच सुरू होते.

रेल्वेच्या काळात साइटवर ग्रंथ नेणे शक्य नव्हते. गिलफर्ड मोल्सवर्थ याने १८६०च्या दशकाच्या आरंभी काढलेले सूत्रांचे खिशातले पुस्तक त्या गरजेतून आले. मोल्सवर्थने सिलोनच्या रेल्वेवर काम केले आणि नंतर हिंदुस्थान सरकारच्या रेल्वेचा सल्लागार झाला. त्याच्या पुस्तकात सिद्धता नाहीत. सूत्र, सारणी आणि पुढे चला. पंडितांनी नाक मुरडले तरी पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. अमेरिकेत यंत्रशाळेसाठीची अशी हस्तपुस्तिका, ‘मशिनरीज हँडबुक’, १९१४ साली निघाली आणि अजून चालू आहे.

याच सुमारास सल्ल्याचा हुकूम झाला. १९०५ साली मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉक्टन गावी बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ माणसे मेली. त्या राज्याने बॉयलरचे नियम केले. पाठोपाठ अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने १९१४ची बॉयलर संहिता काढली. पत्र्याची जाडी, रिव्हेटमधले अंतर हे आता लेखकाचे मत राहिले नाही.

भारतात मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली. काँक्रीटचे मानक ‘आयएस ४५६’ प्रथम १९५३ साली आले आणि १९५७, १९६४, १९७८, २००० अशा सुधारणा झाल्या. १९७८च्या आवृत्तीत मर्यादा-अवस्थेची संकल्पनपद्धत आली आणि शिक्षकांना वह्या नव्याने लिहाव्या लागल्या. साइटवर लेखकाचे नाव कोणी विचारत नाही. ‘कोडात काय आहे?’ एवढाच प्रश्न येतो.

संशोधनपत्रिकांची वाट वेगळी. बेल टेलिफोन कंपनीचे तांत्रिक नियतकालिक १९२२ पासून निघे. १९४८च्या जुलै आणि ऑक्टोबर अंकांत क्लॉड शॅननचा माहितीच्या मोजमापावरचा लेख आला. एका कंपनीच्या पत्रिकेतून दूरसंचाराचे अख्खे शास्त्र उभे राहिले.

मराठीची अडचण अ‍ॅग्रिकोलाचीच. पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण १८५४ पासून सुरू आहे, पण शिकवणे बहुतांशी इंग्रजीत. १९२८ पासूनचे ‘सृष्टिज्ञान’ मासिक आणि वाईहून निघालेला मराठी विश्वकोश यांनी शास्त्राच्या मजकुराला मराठीत जागा करून दिली. कोशात ‘प्रबलित काँक्रीट’ आणि ‘तुळई’. स्लॅब ओतताना मिस्त्री म्हणतो ‘आरसीसी’ आणि ‘बीम’. तुळई हा शब्द त्याला परका नाही, पण त्याच्या लेखी ती लाकडाची, जुन्या वाड्यातली.