जुन्या कॅमेऱ्याची लाल खिडकी

घरातील जुनी पेटी उपसताना कधी कधी तळाशी आजोबांचा कॅमेरा हाती लागतो. काळ्या कातड्याचे आवरण, घडी होणारा भाता, आणि पाठीमागे तांबड्या रंगाची एक इवलीशी वाटोळी खिडकी. यंत्र चालू स्थितीत दिसले की त्यात कृष्णधवल फिल्म घालून पाहण्याचा मोह अनावर होतो. परंतु पहिल्या रोलवर पुष्कळदा धुरकट डागच उमटतात, आणि दोष कॅमेऱ्याच्या वयाला दिला जातो. वस्तुतः तो बहुधा त्या खिडकीचा, किंबहुना तिचे प्रयोजन न जाणण्याचा असतो.

फिल्मच्या पाठीस असलेल्या कागदावरील चित्रांचे आकडे वाचता यावेत म्हणून ही खिडकी ठेवलेली असे. ती तांबडी असण्याचे कारण असे की, त्या काळच्या बहुतेक फिल्मला तांबडा प्रकाश जाणवतच नसे. चांदीचे क्षार स्वभावतः निळ्या आणि जांभळ्या प्रकाशानेच पालटतात. त्यांत विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली असता इतर रंगांचीही जाणीव त्यांना देता येते, हा शोध हेर्मान फोगेल या जर्मन रसायनज्ञाने १८७३ साली लावला. त्यामुळे प्रथम हिरवा रंग फिल्मच्या आटोक्यात आला. तांबडा यावयास आणखी काळ लागला. जुन्या छायाचित्रांतील स्त्रियांच्या कपाळीचे कुंकू काळेभोर आणि निळे आभाळ पांढरेफटक दिसते, त्याचे इंगित हेच होय.

आजची सर्वसाधारण कृष्णधवल फिल्म सर्व रंग ओळखते. म्हणूनच जी खिडकी पूर्वी निर्धोक होती, तीच आता प्रकाशाला चोरवाट ठरते. तिच्यावर काळी पट्टी चिकटवावी, रोल पुढे सरकविताना सावलीत उभे राहून ती क्षणभर उचलावी, आणि आकडा दिसताच पुन्हा लावावी. फिल्म धुतानाही जुन्या पुस्तकांतील तांबड्या दिव्याचा सल्ला मानू नये. तेथे संपूर्ण अंधारच हवा. भात्याच्या घड्यांना भोके पडली आहेत काय, हे अंधाऱ्या खोलीत आतून विजेरी लावून पाहावे.

भिंगाचीही अशीच एक कहाणी आहे. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. १९०२ सालच्या प्रख्यात टेसार भिंगात अशी सहा पृष्ठे असतात. म्हणजे पाचव्या हिश्श्याहून अधिक प्रकाश फिल्मपर्यंत सरळ पोहोचत नाही. त्यातील काही आतल्या आत फिरून चित्रावर फिकट पडदा पसरवितो. काचेवर अतिसूक्ष्म थर देऊन हे परावर्तन घटविण्याची युक्ती झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली शोधली. त्यापूर्वीच्या भिंगासमोर सूर्य येऊ देऊ नये. मात्र आपल्याकडील कडक उन्हात सावल्या किंचित उजळविणारी ही उणीव कधी कधी उपकारकही ठरते.

प्रकाशमापक नसला तरी अडत नाही. स्वच्छ उन्हात भिंगाचे छिद्र १६ या आकड्यावर ठेवावे आणि फिल्मची संवेदनक्षमता १२५ असेल तर शटरला सेकंदाचा सुमारे १२५ वा भाग द्यावा. जुन्या शटरमधील तेल वाळल्याने ते रेंगाळते, याचेही भान असावे.

उदकमंडलम येथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म एके काळी देशभर मिळत असे. तो कारखाना आता बंद पडला आहे. परदेशातून येणारी फिल्म महाग, आणि चौरस चित्रांच्या रोलवर छायाचित्रे अवघी बारा. साहजिकच प्रत्येक चित्रापूर्वी विचार करावा लागतो.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी रोलीफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यांनी दिल्लीतील १९४७ चे स्वातंत्र्याचे दिवस टिपले. बटण दाबल्यावर काय उमटले, हे त्यांनाही तत्काळ दिसत नसे. प्रकाश कोठून येतो, रंग करड्या छटेत कसा उतरेल, आणि क्षण कोणता, हे सारे आधीच ठरवावे लागे. जुना कॅमेरा हा निर्णय माणसाकडून काढून घेत नाही. त्याची लाल खिडकी झाकावयाची असते. पाहणाऱ्याची दृष्टी मात्र उघडी ठेवावयाची असते.