चिटणिसांचं टपाल पुढे धाडताना

आमच्या वाचनालयाचे चिटणीस दर दोन वर्षांनी बदलतात. त्यांचा ई-मेल पत्ता मात्र बदलून चालत नाही. प्रकाशक, देणगीदार, सरकारी कार्यालयं या सगळ्यांच्या वहीत एकच पत्ता असतो: आधी ‘चिटणीस’, मग ॲटचं चिन्ह, मग वाचनालयाचं डोमेन. तिथे आलेला मेल सध्याच्या चिटणिसांच्या खासगी जीमेलवर पोचावा, एवढीच अपेक्षा. हे काम मी डेबियनच्या एका लहानशा सर्व्हरवर पोस्टफिक्स वापरून करतो. बसवायला दहा मिनिटं लागली. ते नीट चालायला लागण्यात मात्र बरेच आठवडे गेले, आणि त्या आठवड्यांत जे कळलं ते इतर संस्थांचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना उपयोगी पडेल असं वाटतं.

पोस्टफिक्स वित्से व्हेनेमा यांनी लिहिलं. ते तेव्हा आयबीएमच्या संशोधन केंद्रात होते आणि १९९८च्या अखेरीस ते सर्वांसाठी खुलं झालं. त्याआधीच्या सेंडमेलमध्ये सगळी कामं एकच मोठा प्रोग्राम करायचा. व्हेनेमांनी ती छोट्या छोट्या प्रोग्रामांत वाटून दिली. फॉरवर्डिंगचा गोंधळ सोडवताना ही वाटणी लक्षात ठेवावी लागते, कारण पत्ता बदलण्याच्या तीन जागा आहेत आणि तिथे काम करणारे प्रोग्राम वेगळे आहेत.

पहिली जागा वापरकर्त्याच्या स्वतःच्या होम फोल्डरात: ‘फॉरवर्ड’ नावाची फाइल, नावाच्या आधी टिंब. तिच्यात नवा पत्ता लिहिला की झालं. आपल्याकडेही एक प्रत राहावी असं वाटत असेल, तर शेजारी उलटी तिरपी रेघ देऊन स्वतःचं नाव लिहायचं. पण ही फाइल ‘लोकल’ हा प्रोग्राम वाचतो, म्हणून ती फक्त सर्व्हरवर खरं लिनक्स खातं असलेल्यांनाच लागू पडते. शिवाय ती कुणालाही लिहिता येईल अशी उघडी असेल, तर पोस्टफिक्स लॉगमध्ये इशारा देऊन तिच्याकडे दुर्लक्ष करतं. दुसरी जागा ‘एटसी’ फोल्डरातली ‘एलियसेस’ फाइल. तिथे डावीकडे नुसतं नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग नवा पत्ता. आणि शेवटी ‘न्यूएलियसेस’ ही आज्ञा.

संस्थेच्या पत्त्यांसाठी तिसरी जागा सगळ्यांत सोयीची: ‘व्हर्च्युअल’ फाइल. ती ‘क्लीनअप’ हा प्रोग्राम वाचतो, मेल रांगेत शिरतानाच. त्यामुळे चिटणिसांचं सर्व्हरवर खातं असण्याची गरज नाही. डावीकडे डोमेनसकट पूर्ण पत्ता, मध्ये मोकळी जागा, उजवीकडे नवा पत्ता. इथे दोन टिंबं द्यायची नाहीत. एका फाइलीत ती लागतात, दुसरीत लागत नाहीत, आणि पहिल्या दिवशी बहुतेक जण इथेच अडकतात. फाइल बदलली की ‘पोस्टमॅप’ चालवून तिची कोशासारखी शोधता येणारी प्रत करायची. पोस्टफिक्स मजकुराची फाइल वाचत नाही, ती प्रत वाचतं. मेन डॉट सीएफमध्ये ‘व्हर्च्युअल एलियस मॅप्स’ या ओळीत त्या फाइलीचा पत्ता द्यायचा. आधी ‘हॅश’ लिहायचं की ‘एलएमडीबी’, हे आपल्या लिनक्सवर अवलंबून आहे. ‘पोस्टकॉन्फ’ला ‘एम’ हा पर्याय देऊन विचारलं की काय उपलब्ध आहे ते समजतं.

डोमेनचं नावही एकाच ठिकाणी नोंदवा: ‘माय डेस्टिनेशन’मध्ये किंवा ‘व्हर्च्युअल एलियस डोमेन्स’मध्ये. दोन्हीकडे असलं की पोस्टफिक्स लॉगमध्ये तक्रार करतं आणि काही पत्ते ‘अनोळखी’ म्हणून परत जाऊ लागतात.

एवढं केलं की मेल पुढे जाऊ लागतो. खरी अडचण इथून सुरू होते.

पोस्टातलं पत्र आठवा. पाकिटावर एक पत्ता, आत कागदावर मायना आणि सही. ई-मेललाही असंच पाकीट असतं, फक्त वाचणाऱ्याला ते दिसत नाही. आपण फॉरवर्ड करतो तेव्हा पोस्टफिक्स पाकिटावर घेणाऱ्याचं नाव बदलतं, पाठवणाऱ्याचं तसंच ठेवतं. म्हणजे प्रकाशकाचं नाव लिहिलेलं पाकीट आता आमच्या वाचनालयाच्या सर्व्हरवरून जीमेलच्या दारात उभं राहतं. आणि प्रकाशकाच्या डीएनएसमध्ये एसपीएफची नोंद असते: ‘माझ्या नावाने फक्त या सर्व्हरांनी पत्रं आणावीत.’ आमचा सर्व्हर त्या यादीत नाही. जीमेलच्या दृष्टीने आम्ही तोतये ठरतो.

यातून वाचवणारी गोष्ट म्हणजे डीकेआयएम. पाठवणारा सर्व्हर पत्राच्या मजकुरावर आणि काही शीर्षकांवर डिजिटल सही करतो. ती पाकिटावर नसून पत्रावर असते, म्हणून पुढे पाठवलं तरी टिकते. पाठवणाऱ्याने डीमार्कचं धोरण लावलेलं असेल, तर एसपीएफ फसलं तरी त्याच डोमेनची डीकेआयएम सही खरी निघाल्यावर डीमार्क पास होतं. अट एकच: मधल्या कुणी पत्राला हात लावायचा नाही.

आम्ही नेमका हात लावत होतो. एका प्रकाशकाच्या पुस्तक-याद्या चिटणिसांना मिळेनात. इतरांचे मेल येत होते, यांचेच नाही. कित्येक दिवस मी डीएनएस तपासत बसलो. शेवटी एक परत आलेला मेल बारकाईने वाचला तेव्हा उलगडा झाला. पूर्वी कधीतरी आम्ही सर्व्हरवरून जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या तळाशी ‘वाचनालयाचे सभासद व्हा’ ही ओळ जोडण्याची सोय केली होती. फॉरवर्ड होणाऱ्या मेललाही ती ओळ चिकटत होती. मजकूर बदलला, सही मोडली, एसपीएफ आधीच फसलेलं. आणि त्या प्रकाशकाच्या डीमार्क धोरणात लिहिलं होतं की अशी पत्रं नाकारा. जीमेल तेच करत होतं. ओळ काढली आणि त्याच संध्याकाळी यादी पोचली. विषयाच्या आधी ‘स्पॅम’ असा शिक्का जोडणारी सोयही असाच घात करते.

पाकिटाच्या नावावर उपाय आहे: एसआरएस. पोस्टफिक्ससाठी ‘पोस्टएसआरएसडी’ हा छोटा प्रोग्राम मिळतो. तो पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्या डोमेनमध्ये बदलतो आणि मूळ पत्ता त्यातच गुंफून ठेवतो. पत्र नाकारलं गेलं तर परतीची सूचना आपल्याकडे येते आणि तिथून मूळ माणसाला जाते. सोबत एक छोटी खूण असते, म्हणून आपल्या सर्व्हरमार्फत भलत्याला पत्रं पाठवायला कुणी तिचा गैरवापर करू शकत नाही. तो जोडताना मेन डॉट सीएफमध्ये ‘सेंडर कॅनॉनिकल क्लासेस’ फक्त पाकिटापुरतं ठेवा. मूळ सेटिंगमध्ये पत्रातलं ‘फ्रॉम’सुद्धा बदललं जाऊ शकतं, आणि मग सही पुन्हा मोडते. एसआरएसने एसपीएफ पास होतं, पण ते आपल्या डोमेनच्या नावाने. ‘फ्रॉम’मध्ये प्रकाशकाचं डोमेन असतं. डीमार्कला दोन्ही जुळायला हवीत. म्हणून एसआरएस लावलं तरी सहीला जपावंच लागतं.

स्पॅमबद्दल मी जरा कडक आहे. डोमेनवरचा कुठलाही पत्ता स्वीकारणारी ‘सगळं येऊ दे’ अशी ओळ ‘व्हर्च्युअल’ फाइलीत घालू नये. खोट्या पत्त्यांवर आलेला कचराही मग आपण जीमेलला नेऊन देतो, आणि तिथे दोष आपल्या आयपी पत्त्याला लागतो. जीमेलने तो नाकारला तर आपला सर्व्हर परतीची सूचना अशा माणसाला पाठवतो ज्याचं नाव स्पॅमवाल्याने चोरलं होतं. गाळणी फॉरवर्ड करण्याआधी लावायची, आणि नको ते दारातच नाकारायचं.

मेल पोचला नाही अशी तक्रार आली की सेटिंगला हात लावण्याआधी लॉग उघडा. डेबियन-उबुंटूवर तो ‘व्हार’ फोल्डरातल्या ‘लॉग’मध्ये ‘मेल डॉट लॉग’ नावाने असतो. नव्या आवृत्त्यांत ‘जर्नलसीटीएल’मधून वाचावा लागतो. प्रत्येक मेलला रांगेतला एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक धरून शोधलं की सगळा प्रवास दिसतो: ‘ओरिग टू’पुढे चिटणिसांचा जुना पत्ता, ‘टू’पुढे नवा, ‘रिले’पुढे कोणत्या सर्व्हरशी बोलणं झालं ते, आणि ‘स्टेटस’. स्टेटस ‘सेंट’ असेल तर समोरच्याने मेल घेतला आहे. पुढचा शोध त्याच्या स्पॅम फोल्डरात. ‘डेफर्ड’ आणि शेजारी ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असेल, तर बहुधा सर्व्हर भाड्याने देणाऱ्याने बाहेर जाणारं २५ क्रमांकाचं पोर्ट बंद ठेवलेलं असतं. पोस्टफिक्स असा मेल मूळ सेटिंगप्रमाणे पाच दिवस रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. ‘बाउन्स्ड’ असेल तर कारण त्याच ओळीत लिहिलेलं असतं. ते शेवटपर्यंत वाचा. ‘टू मेनी हॉप्स’ दिसलं तर मेल गोल फिरतो आहे. चिटणिसांनी जीमेलमधून संस्थेच्या पत्त्यावर उलट फॉरवर्ड लावलेलं नाही ना, ते त्यांना फोन करून विचारा.

‘व्हर्च्युअल’ फाइलीतली ओळ नोंदली गेली की नाही याची खात्री मेल न पाठवताही होते. ‘पोस्टमॅप’ला ‘क्यू’ पर्याय देऊन जुना पत्ता विचारा. उत्तरात नवा पत्ता आला पाहिजे. काहीच आलं नाही, तर फाइल बदलल्यावर पोस्टमॅप चालवायचं राहिलं आहे.

आणि चाचणीचा मेल ज्या जीमेल खात्यावर पोचायचा आहे, त्याच खात्यातून पाठवू नका. स्वतः पाठवलेल्या मेलची प्रत फिरून परत आली तर जीमेल ती इनबॉक्समध्ये वेगळी दाखवत नाही, आणि सगळं ठीक असूनही बिघाड आहे असं वाटत राहतं. तिसऱ्याच कुणाच्या खात्यातून पाठवा, लॉगमध्ये ‘सेंट’ पाहा, आणि मगच चिटणिसांना कळवा.