पाळणा कुणाचा, जमीन कुणाची?

समुद्रकाठी पाळणे फिरवण्याचा धंदा आतबट्ट्याचा वाटावा असाच आहे. हंगाम जेमतेम सहा महिन्यांचा, त्यातून पावसाचे दिवस वजा. खाऱ्या वाऱ्याने लोखंड बारा महिने गंजत असते. सर्वांत मोठी अडचण मात्र पायाखालच्या जमिनीची. किनाऱ्यालगत पाळणा फिरवून वर्षाकाठी जे पदरी पडते, त्याच्या कितीतरी पट तीच जमीन इमारतीला देऊन एका दिवसात मिळते, आणि हा मोह मालकापुढे दरवर्षी नव्याने उभा राहतो. तरीही न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर शंभर वर्षांपूर्वीचा पाळणा आजही फिरतो आहे. लोकांच्या जुन्या आठवणींनी तो तारला, असे म्हणायची पद्धत आहे. तिथला इतिहास पाहिला तर आठवणींचा हात त्यात फारसा दिसत नाही. ज्याचे पोट पाळण्यावर आहे त्याच्याकडे मालकी असली तर पाळणा टिकतो, आणि ज्याचा डोळा जमिनीच्या भावावर आहे त्याच्याकडे ती गेली की पाळणा मोडीत निघतो. कुटुंबाच्या मालकीचे मोल याच संदर्भात जोखले पाहिजे.

कोनी आयलंडचा ‘वंडर व्हील’ 1920 मध्ये सुरू झाला. उंची 150 फूट, डबे 24. लांबून तो जत्रेतल्या आकाशपाळण्याचा थोरला भाऊ वाटतो; गंमत जवळ गेल्यावर कळते. चोवीसपैकी आठ पांढरे डबे कडेला पक्के बसवलेले आहेत. उरलेले सोळा, तांबडे नि निळे, आतल्या बाजूच्या वळणदार रुळांवर मोकळे आहेत. चाक वळू लागले की असा डबा आधी थबकतो, मग स्वतःच्या वजनाने रुळावरून घरंगळत थेट कडेपर्यंत जातो आणि तिथे हेलकावे खात राहतो. खाली उभ्या माणसाला वाटते, डबा आता निसटलाच. हे यंत्र 1983 मध्ये डेनोस वूर्डेरिस यांनी अडीच लाख डॉलरना विकत घेतले. ग्रीसमधून आलेला, हातगाडीवर हॉट डॉग विकून धंद्यात वर आलेला हा माणूस. तरुणपणी बायकोला दिलेल्या शब्दाखातर त्यांनी तो घेतला, ही कथा तिथे आवडीने सांगतात. कथेपेक्षा काळ महत्त्वाचा आहे. ती खरेदी झाली तेव्हा कोनी आयलंडची रया गेलेली होती आणि शहाणे गुंतवणूकदार तिकडे फिरकत नव्हते. पाळण्याची देखभाल पुढे त्यांच्या मुलांनी हाती घेतली.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: कुटुंबेही विकतातच की! त्याचा दाखला त्याच किनाऱ्यावर आहे. जॉर्ज टिल्यू यांनी 1897 मध्ये उघडलेले ‘स्टीपलचेस पार्क’ 1907 च्या आगीत खाक झाले, तर या गृहस्थाने धुमसते अवशेष पाहायला दहा सेंटचे तिकीट लावले आणि पार्क पुन्हा उभे केले. पण 1964 च्या हंगामानंतर त्यांच्याच वारसांनी ते बंद केले. पुढच्या वर्षी जागा बांधकाम व्यावसायिक फ्रेड ट्रम्प यांच्याकडे गेली आणि 1966 मध्ये तिथला काचेचा भव्य मंडप पाडला गेला. 1962 मध्ये सुरू झालेल्या ‘ॲस्ट्रोलँड’चे मालकही एक कुटुंबच होते, त्यांनी 2006 मध्ये जमीन विकली आणि दोन वर्षांत ते पार्क मिटले. त्याला खेटून असलेला 1927 चा ‘सायक्लोन’ रोलर कोस्टर मात्र वाचला, कारण तो शहराच्या मालकीचा होता. म्हणजे आडनाव हे काही कवच नव्हे. कुटुंबाच्या नजरेत पाळण्याची जागा जमिनीने घेतली की तेही विकणाराच होते.

दुसरा आक्षेप भांडवलाचा. नव्या, उंच, महागड्या राइड्स घरगुती मालकाला कशा झेपणार? याचे उत्तर इंग्लंडच्या ब्लॅकपूलमध्ये मिळते. तिथल्या ‘प्लेझर बीच’चा आरंभ 1896 मध्ये विल्यम बीन यांच्यापासून धरतात. मुलगी, जावई, नातू असे करत कारभार चौथ्या पिढीतल्या अमांडा थॉम्प्सन यांच्याकडे आला. याच घराण्याने 1994 मध्ये ‘बिग वन’ उभारला, तेव्हा जगात त्याहून उंच रोलर कोस्टर नव्हता. मशीनगनवाल्या हायरम मॅक्सिम यांचे 1904 चे उडते पाळणेही त्यांनीच चालू ठेवले. पण त्याच घराण्याने साउथपोर्टचे पार्क 2006 मध्ये बंद केले आणि तिथला 1937 चा लाकडी ‘सायक्लोन’ लोकांचा विरोध असतानाही पाडला. ब्लॅकपूलमधला स्वतःचा 1958 चा लाकडी ‘वाइल्ड माउस’ही 2017 मध्ये मोडला. हा भावनेचा व्यवहार नाही. काय ठेवायचे आणि काय मोडायचे हे तेही हिशेबानेच ठरवतात. फरक इतकाच की तो हिशेब तिमाहीचा नसून पिढ्यांचा असतो.

मग वारसा जपायला कायदा पुरे नाही का? वंडर व्हीलला 1989 मध्ये शहराचा वारसा दर्जा मिळाला आणि त्याचे मोल निश्चित आहे. मात्र कायदा पाळणा पाडू देत नाही, एवढेच. बेअरिंगला ग्रीस लावायला, गंज खरवडायला, रंगाचा नवा हात द्यायला तो येत नाही. न फिरणारे चाक जागच्या जागी गंजून संपते. जुलै 1977 मध्ये न्यूयॉर्कची वीज गेली, तेव्हा वर अडकलेल्या लोकांना चाक हाताने फिरवून खाली आणावे लागले. यंत्राशी रोजची झटापट असलेल्या माणसांनाच असे काम जमते.

या युक्तिवादाची खरी परीक्षा 2020 मध्ये झाली. वंडर व्हीलची शंभरी भरली आणि नेमक्या त्याच हंगामात कोरोनामुळे पार्क उघडलेच नाही. एका हंगामाचे गणित मांडणाऱ्या कुणालाही जमीन विकायला याहून सबळ कारण मिळाले नसते. वूर्डेरिस कुटुंबाने एप्रिल 2021 मध्ये पाळणा पुन्हा सुरू केला आणि जुलैत ‘फिनिक्स’ नावाचा नवा रोलर कोस्टर त्याच्या शेजारी धावू लागला.