घरी घडवलेल्या गिटारीचा ब्रिज : छिद्र पाडण्याआधीचा हिशेब

१९६३ साली लंडनच्या पश्चिमेस फेल्टममध्ये राहणाऱ्या ब्रायन मे या शाळकरी मुलाने वडील हॅरल्ड यांच्या मदतीने स्वतःची इलेक्ट्रिक गिटार घडवायला घेतली. दुकानातली गिटार परवडण्यासारखी नव्हती. मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले गेले, आणि काम पुरे व्हायला सुमारे दोन वर्षे लागली. ‘क्वीन’ या बँडची असंख्य गाणी पुढे याच गिटारीवर वाजली. (त्याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे शिक्षण पाचगणीच्या शाळेत झाले, हे अनेक मराठी वाचकांना ठाऊक असेलच.) या गिटारीची गोष्ट सांगताना शेकोटीच्या लाकडाचा उल्लेख हमखास होतो. त्या मानाने तिच्या ब्रिजची चर्चा फार कमी होते. वास्तविक बाप-लेकांची सर्वाधिक कल्पकता याच भागात दिसते.

आज गिटारीचे सुटे भाग घरपोच मिळतात. तयार मान, पिकअप, खुंट्या सारे विकत आणून फक्त धड घरी कापणारे हौशी कारागीर ब्रिटनमध्ये पुष्कळ आहेत. त्यांच्या हातून होणाऱ्या चुकांपैकी बहुतेक सुधारता येतात. धडाचा आकार किंचित वाकडा झाला तर ती गिटारीची ओळख ठरते. रंग बिघडला तर घासून पुन्हा देता येतो. ब्रिज पाच मिलिमीटर पुढे किंवा मागे बसला, तर मात्र ती गिटार कधीही सुरात वाजत नाही.

गिटारीची तार दोन टेकूंच्या मध्ये कंप पावते. मानेच्या टोकाचा टेकू म्हणजे नट आणि धडावरचा टेकू म्हणजे ब्रिज. सतारीला किंवा तंबोऱ्याला जी घोडी असते, तिचेच हे भावंड. तरीही दोघांचा स्वभाव परस्परविरोधी आहे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद ठेवून त्याला अत्यंत हलका उतार देतात आणि तारेखाली सुताचा धागा सरकवतात. तार त्या उतारावर चाटत कंप पावते तेव्हाच जवारी खुलते. इलेक्ट्रिक गिटारीत प्रत्येक तारेखाली सॅडल नावाचा छोटा धातूचा तुकडा असतो आणि तार त्याच्या एकाच काटेकोर बिंदूवरून सुटावी लागते. तंबोऱ्यात जो गुण मानला जातो, तो झणझणाट येथे दोष ठरतो.

आणखी एक फरक याहून महत्त्वाचा आहे. सतारीचे पडदे बांधलेले असतात, ते सरकवता येतात. गिटारीचे पडदे, म्हणजे फ्रेट, लाकडात ठोकून कायमचे बसवलेले असतात आणि त्यांतील प्रत्येकाची जागा एका ठरावीक स्केल लांबीवरून काढलेली असते. त्यामुळे ब्रिजची जागा धडाचा आकार पाहून किंवा डोळ्यांना बरी दिसते म्हणून निवडता येत नाही. ती फ्रेटांनी आधीच ठरवून टाकलेली असते. नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून त्याची दुप्पट करावी, की स्केल लांबी मिळते. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टर गिटारींत ती ६४८ मिलिमीटर असते, गिब्सनच्या लेस पॉलमध्ये सुमारे ६२८, आणि मे यांच्या घरगुती गिटारीत अवघी ६१०. विकत घेतलेल्या मानेच्या पाकिटावर काहीही छापलेले असो, पोलादी पट्टीने स्वतः मोजल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नये.

एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. बोटाने तार फ्रेटवर दाबली की ती किंचित ताणली जाते आणि सूर थोडा चढा लागतो. ही चढ मोडण्यासाठी तार स्केल लांबीपेक्षा थोडी अधिक लांब ठेवावी लागते. म्हणजेच सॅडल मागे घ्यावे लागते. सर्वांत बारीक तारेला ही भर साधारण १ ते २ मिलिमीटर लागते, सर्वांत जाड तारेला ४ ते ५. मधल्या तारांचा क्रम मात्र सरळ नसतो. तिसरी तार बहुधा साधी, गुंडाळी नसलेली असते. तिचा पोलादी गाभा चौथ्या तारेच्या गाभ्यापेक्षा जाड असल्याने तिला चौथीपेक्षा अधिक मागे जावे लागते. नीट जुळवलेल्या गिटारीची सॅडले पाहिली तर दोन तिरप्या पायऱ्या दिसतात, त्या यामुळेच. नवशिक्याला ती रचना बिघडल्यासारखी वाटते, आणि तो सारी सॅडले एका ओळीत आणून ठेवतो.

ब्रिजची निवड करताना नाव आणि चकाकी यांआधी उंची पाहावी. फेंडरच्या पद्धतीचा सपाट ब्रिज धडावर पातळ पत्र्यासारखा बसतो आणि तारा लाकडापासून साधारण १० ते १३ मिलिमीटरवर राहतात. गिब्सनने १९५० च्या दशकात आणलेला ट्यून-ओ-मॅटिक दोन खांबांवर उभा असतो. त्यावर हीच उंची १५ ते २० मिलिमीटरपर्यंत जाते. म्हणूनच गिब्सन आपल्या लेस पॉलची मान सुमारे ४ अंश मागे कलती बसवते, तर फेंडरची मान धडाला समांतर असते. सपाट मान आणि उंच ब्रिज ही जोडी जुळवली, तर ब्रिज पूर्ण खाली उतरवूनही तारा फ्रेटांपासून इतक्या वर राहतात की दाबताना बोटे दुखतात. मान धडाला जिथे मिळते तिथून ब्रिज २०० मिलिमीटरवर असेल, तर मानेच्या १ अंश कलाने ब्रिजपाशी सुमारे साडेतीन मिलिमीटरचा फरक पडतो. यासाठी त्रिकोणमितीचे पुस्तक उघडावे लागत नाही. गिटारीचे बाजूचे चित्र मूळ मापात कागदावर काढले, फ्रेटांच्या माथ्यावरून एक रेष ब्रिजपर्यंत ओढली, की लागणारी उंची पट्टीवर वाचता येते. हे चित्र ब्रिज मागवण्याआधी, आणि शक्यतो मानेचा खाचा कोरण्याआधीही, काढलेले असावे. प्रत्यक्षात बहुतेक जण ब्रिज सर्वांत शेवटी निवडतात, आणि तिथेच अडकतात.

उंचीनंतर रुंदी. दोन टोकांच्या तारांमधले अंतर जुन्या धाटणीच्या स्ट्रॅटोकास्टर ब्रिजवर सुमारे ५६ मिलिमीटर असते, अलीकडच्या धाटणीवर ५२ ते ५३, ट्यून-ओ-मॅटिकवर ५० ते ५२. अरुंद मानेला रुंद ब्रिज लावला तर कडेची तार वाजवताना फ्रेटबोर्डाबाहेर घसरते. फ्रेटबोर्डाचा गोलवाही पाहावा. जुन्या फेंडर मानेची त्रिज्या ७.२५ इंच, गिब्सनची १२ इंच. फेंडरच्या सॅडलांची उंची एकेक करून बदलता येते, त्यामुळे ती कोणत्याही गोलव्याशी जमवून घेतात. ट्यून-ओ-मॅटिकची सॅडले एकाच उंचीवर बांधलेली असतात; तिथे फक्त खाचा कानशीने कमी-अधिक खोल करण्याची मोकळीक उरते.

धातूविषयी जाहिराती पुष्कळ बोलतात. पितळ, पोलाद, जस्ताचा मिश्रधातू यांच्या नादात फरक असतोही. परंतु पिकअपची जात आणि तारांची जाडी यांनी पडणाऱ्या फरकापुढे तो किरकोळ आहे. पहिल्या गिटारीसाठी जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर ते गुळगुळीत फिरणारे स्क्रू आणि न डगमगणारी सॅडले यांसाठी द्यावेत.

तार हलवून सूर लववणारा ट्रेमोलो ब्रिज हे स्वतंत्र प्रकरण आहे. लिओ फेंडर यांनी १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तो बसवला, तेव्हापासून त्याची भुरळ ओसरलेली नाही. त्याच्यासाठी धड आरपार कोरावे लागते, मागे स्प्रिंगांची खोबणी लागते, आणि तारांची ओढ व स्प्रिंगांची ओढ यांचा तोल सांभाळावा लागतो. दांडी सोडल्यावर तारा मूळ सुरावर परत न येणे हे या ब्रिजचे जुने दुखणे आहे आणि त्याचे मूळ घर्षणात आहे. मे पिता-पुत्रांनी नेमका याच दुखण्यावर इलाज शोधला. त्यांनी ट्रेमोलो कठीण पोलादाच्या सुरीसारख्या धारेवर तोलला, तारांच्या ओढीविरुद्ध जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा लावल्या आणि तारा घासण्याऐवजी फिराव्यात म्हणून सॅडलांवर हाताने घडवलेले छोटे रूळ बसवले. दांडीच्या टोकाला आईची विणकामाची सुई होती. हे वाचून कुणालाही हुरूप येईल. तरी ज्याची ही पहिलीच गिटार आहे, त्याने स्क्रूंनी बसणारा साधा, स्थिर ब्रिज घ्यावा हेच शहाणपणाचे. त्यात जमिनीवर येण्याची जागा मोठी असते: सॅडले पुष्कळ सरकतात, आणि रुंद पत्र्याखाली एखादे चुकलेले छिद्र लपतेही.

बसवण्याचे काम मान पक्की केल्यावरच सुरू करावे. मध्यरेषा धडाच्या जोडावरून घेतली जाते, ही नेहमीची चूक. ती मानेवरून घ्यावी, कारण मान खाच्यात केसभर तिरपी बसली तरी ब्रिजपाशी तो तिरपेपणा वाढलेला असतो. नटच्या दोन टोकांच्या खाचांतून दोन दोरे ब्रिजच्या दोन टोकांच्या सॅडलांपर्यंत ताणावेत आणि फ्रेटबोर्डाच्या दोन्ही कडांशी सारखे अंतर येईपर्यंत ब्रिज डावी-उजवीकडे सरकवावा. मग लांबी. पहिल्या तारेचे सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे आणावे, पुढे जाण्यास एक-दोन मिलिमीटर शिल्लक ठेवावेत, आणि ते सॅडल स्केल लांबीपेक्षा दीड-दोन मिलिमीटर मागे येईल अशा जागी ब्रिज ठेवावा. बाकी सर्व सॅडलांना मागेच जायचे असते, म्हणून त्यांची वाट मागे मोकळी हवी. ट्यून-ओ-मॅटिकमध्ये सॅडलांची धाव तोकडी असते. त्यामुळे अख्खा ब्रिजच तिरपा बसवतात आणि जाड तारेकडचा खांब सुमारे ३ मिलिमीटर मागे घेतात. खूण केल्यावर काम थांबवून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजण्याची सवय अनुभवी कारागीर आवर्जून पाळतात.

छिद्रे शक्यतो उभ्या ड्रिल प्रेसवर पाडावीत. हातातले ड्रिल एखादा अंश कलले तरी खांब झुकतो. बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण करावी आणि प्रत्येक माप त्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर आधी पारखावे. मॅपलसारख्या कठीण लाकडात पुरेसे छिद्र न पाडता स्क्रू रेटला तर त्याचे डोके तुटते. स्क्रूला मेण किंवा साबण लावल्याने तो सहज उतरतो. खांबांच्या धातूच्या नळ्या लाकडात ठोकायच्या असतील, तर छिद्राच्या तोंडाची कड आधी हलकी उतरती करावी, म्हणजे पॉलिश तडकत नाही. खांब आणि नळ्या एकाच पाकिटातील असाव्यात; अमेरिकन भागांचे आटे इंचांत आणि आशियाई भागांचे मिलिमीटरमध्ये असतात. छिद्र चुकलेच तर कठीण लाकडाची घट्ट बसणारी खुंटी सरसाने पक्की करून, पूर्ण वाळू देऊन, नव्याने छिद्र पाडता येते. अर्धे जुने आणि अर्धे नवे असे छिद्र मात्र कधी टिकत नाही.

याच टप्प्यावर एक बारीक तिरपे छिद्र ब्रिजखालून विजेच्या जोडण्यांच्या पोकळीपर्यंत न्यावे लागते. त्यातून ब्रिजची अर्थची वायर व्हॉल्यूमच्या पॉटच्या पाठीवर जोडली जाते. साध्या पिकअपांत ही जोडणी नसेल तर घुर्रघुर्र ऐकू येते आणि तारांना हात लावला तरी ती शमत नाही. वाजवणाऱ्याची बोटे अशा रीतीने अँपच्या अर्थशी जोडली जातात, हे विसरू नये. जुना, दुरुस्त केलेला अँप वापरणाऱ्याने त्याच्या प्लगमधला अर्थ शाबूत आहे की नाही, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे.

सूर जुळवण्याचे काम शेवटी येते आणि त्याचा क्रम बदलून चालत नाही. नव्या तारा चढवाव्यात, सुरात आणाव्यात, मानेची वक्रता आणि तारांची उंची ठरवावी. बाराव्या फ्रेटवर बारीक तार दीड आणि जाड तार दोन मिलिमीटर उंच असली तर सुरुवातीला पुरे. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा हार्मॉनिक आणि तीच तार तिथे दाबून निघणारा सूर ट्यूनरवर ताडून पाहावेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. प्रत्येक बदलानंतर तार पुन्हा सुरात आणायची. जाड तारेचे सॅडल मागे सरकता सरकता त्याची स्प्रिंग पूर्ण दबली आणि तरीही सूर चढाच लागत असेल, तर स्प्रिंगेचे दोन वेढे कापून ती आखूड करावी. ट्यून-ओ-मॅटिकमध्ये सॅडल काढून उलटे बसवले, तरी एखाद-दुसरा मिलिमीटर हाती लागतो.