गीझर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? एक घरगुती प्रश्न आणि संशोधनाची पद्धत

समजा, तुम्ही डोंबिवलीत राहता. गीझर गरम होत नाही. मेकॅनिक म्हणतो, "कॉइल गेलीय, थर्मोस्टॅटही बदलावा लागेल, १८०० रुपये. पण आठ वर्षं जुना आहे, नवाच घ्या." नवा गीझर बसवून ९००० ला पडतो. मागच्याच वर्षी १२०० रुपये खर्च झालेत. काय कराल? (आकडे उदाहरणापुरते घेतलेत, तुमचे घालून बघा.)

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. जॉन रस्ट या अर्थशास्त्रज्ञाचा १९८७ साली 'इकॉनोमेट्रिका'त आलेला गाजलेला पेपर याच प्रश्नावर आहे, फक्त तिथे गीझरऐवजी बसची इंजिनं आहेत. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात हॅरॉल्ड झर्चर हे बसच्या देखभालीचे प्रमुख होते. दर महिन्याला त्यांच्यापुढे प्रत्येक बसबद्दल हाच पेच असायचा: डागडुजी करून चालवायची की इंजिन बदलायचं? रस्ट यांनी सुमारे दहा वर्षांच्या नोंदी घेतल्या आणि झर्चर यांच्या निर्णयांवरून, त्यांच्या मनात खर्चाचं गणित काय असावं, ते उलगडलं. बस रस्त्यात बंद पडली की प्रवाशांची नाराजी होते, तीही त्या खर्चात धरली होती.

त्या पेपरातून आपल्याला तीन गोष्टी उचलता येतात.

१. झालेला खर्च गणितात येत नाही. मागच्या वर्षीचे १२०० दोन्ही पर्यायांत गेलेलेच आहेत. "एवढे घातलेत तर अजून थोडे" हे जसं चूक, तसंच "आता याच्यावर एक पैसाही नाही" हेही चूक. विचार फक्त पुढच्या खर्चाचा. नवा गीझर आठ वर्षं टिकेल असं धरलं, तर वर्षाला ११२५ रुपये पडतात. १८०० ला ११२५ ने भागा, उत्तर येतं १.६. म्हणजे दुरुस्तीनंतर जुना गीझर साधारण एक वर्ष सात महिन्यांहून जास्त चालला, तर दुरुस्ती स्वस्त. व्याज आणि मधले छोटे खर्च यात धरलेले नाहीत, पण प्रश्न आता नेमका झाला: तेवढा काळ तो चालेल का?

२. वय नव्हे, अवस्था बघा. रस्ट यांच्या मॉडेलमध्ये इंजिनाची अवस्था म्हणजे ते किती मैल चाललं. गीझरची अवस्था म्हणजे मुख्यतः आतली टाकी. कॉइल, थर्मोस्टॅट, गॅस्केट हे बदलता येणारे भाग. टाकीच गंजून गळत असेल, तर दुरुस्तीवर भरवसा ठेवता येत नाही, तिथे नवाच घ्या. पण पाणी कुठून येतंय ते आधी बघा. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं ठिबकणं नेहमीचं असतं, ती टाकीची गळती नव्हे. पाणी कुठलं हेही महत्त्वाचं. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत महापालिकेचं पाणी उल्हास, भातसासारख्या नद्यांचं, पण सोसायटी बोअरवेल किंवा टँकरवर असेल तर क्षार जास्त असू शकतात. कॉइलवर थर बसतो, ती जास्त तापते आणि लवकर जळते. मग नवा गीझरही आठ वर्षं टिकेल हे गृहीतक डळमळतं. आणि हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर हिशेब नंतर, आधी मेन स्विच बंद करा.

३. उसना नियम गृहीतकं घेऊन येतो. इंग्लंडमध्ये जुना गॅस बॉयलर बदला म्हणतात, कारण नव्या बॉयलरमध्ये उष्णता कमी वाया जाते आणि गॅस वाचतो. आपल्याकडे तसं होत नाही. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते. गीझर जुना असो की नवा, कॉइलची जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच जाते. स्टार रेटिंग मोजतं ते तापलेलं पाणी तसंच ठेवल्यावर किती उष्णता निसटते ते. वीस मिनिटं लावून बंद करणाऱ्या घरात "नवा घ्या, बिल कमी येईल" या सल्ल्यात फारसा दम नाही. दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात मात्र आहे.

आता माहिती गोळा करण्याबद्दल. "गीझर किती वर्षं टिकतो?" हे मेकॅनिकला विचारलंत, तर त्याचं उत्तर प्रामाणिक असूनही एकांगी असेल, कारण त्याला दिसतात ते बिघडलेलेच. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलंत आणि बंद पडलेल्यांचीच सरासरी काढलीत, तर आयुष्य कमी दिसेल, कारण बारा वर्षं होऊनही चालू असलेले गीझर मोजणीतून गळतात. संख्याशास्त्रात याला सेन्सॉर्ड डेटा म्हणतात. अशी नोंद फेकायची नसते. "१२ वर्षं, अजून चालू" असं लिहून ठेवायचं आणि सर्व्हायव्हल अॅनालिसिसच्या पद्धतींनी तीही वापरायची.

प्रपोजल लिहायला बसण्याआधी एक सराव करा. घरातली एखादी जुनी वस्तू घ्या आणि चार ओळी लिहा: पर्याय कोणते, अवस्था कशी मोजणार, कुठल्या आकड्याला निर्णय उलटतो आणि तुमच्या माहितीत कोण दिसतच नाही. चौथ्या ओळीला सगळ्यात जास्त वेळ द्या. व्हायव्हात बहुतेक वेळा तिथेच बोट ठेवलं जातं.