स्वस्त सागरसफर आणि ज्येष्ठांचे आरोग्य

लग्नाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मुलांनी आईवडिलांना सागरसफर भेट द्यावी, ही कल्पना सुखद आहे. मुंबईहून गोव्याकडे व लक्षद्वीपकडे जाणाऱ्या पर्यटन-जहाजांमुळे ती आवाक्यातही आली आहे. मात्र सवलतीची सफर ज्येष्ठांना कशी बाधू शकते, हे माझ्याकडे उपचारांसाठी येणाऱ्या एका दांपत्याच्या अनुभवावरून ध्यानात यावे.

त्यांना मिळालेली खोली जहाजाच्या पुढच्या टोकाला होती. तिला खिडकी नव्हती. अशा खोलीत अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय हालचाल नोंदवते, डोळ्यांना मात्र स्थिर भिंती दिसतात. या विसंगतीमुळेच बोट लागते. सत्तरी ओलांडलेल्या त्या गृहस्थांना दिवसभर उलट्या झाल्या. पोटात पाणी ठरेना, तरी रक्तदाबासाठीची, लघवी वाढवणारी गोळी नेमाने चालूच राहिली. शरीरातील पाणी घटले आणि रात्री उठताना चक्कर येऊन ते पडले. हाड मोडले नाही, हे सुदैव! जहाजावरील डॉक्टरांची तपासणी व सलाइन यांचा खर्च तिकिटात धरलेला नव्हता. उरलेली सफर अंथरुणातच सरली.

म्हणून आरक्षणापूर्वी खोलीची जागा अवश्य विचारावी. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यांवर हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. मळमळू लागल्यास मोकळ्या हवेत बसून दूर क्षितिजाकडे पाहावे.

बोट लागू नये म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते. प्रोस्टेट वाढलेली असल्यास लघवी अडू शकते; काचबिंदूच्या काही रुग्णांनाही त्या अपायकारक ठरतात. त्या परस्पर घेऊ नयेत. उलट्या-जुलाब झाल्यास रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या, हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. मनाने मात्र काहीही बंद करू नये.

जहाजावर नोरोव्हायरसचे जुलाब झपाट्याने पसरतात. त्यावर सॅनिटायझर फारसा प्रभावी नसतो; जेवणापूर्वी आणि शौचानंतर हात साबणाने वीस सेकंद धुवावेत. औषधे हातातल्या पिशवीत, दोन-चार दिवसांची जादा ठेवावीत. विमा घेताना पूर्वीचे आजार त्यात समाविष्ट आहेत का, हे वाचून पाहावे.

आईवडिलांसाठी तिकीट काढणाऱ्या मुलांनी दराबरोबरच ही चौकशीही करावी. त्यासाठी थोडे अधिक पैसे मोजावे लागले, तर ते जरूर मोजावेत.