स्वसंरक्षणाचा हक्क: कुठे उभं राहायचं, कुठे थांबायचं

रांगेत कुणी पुढे घुसतो, शेजारी बांध कोरतो, रस्त्यात कुणी अंगावर धावून येतो. तिन्ही वेळा आपला हक्क डावलला जातो. पण हातघाईवर येणं दर वेळी योग्य नसतं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ याच प्रश्नाविषयी आहेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीराचं आणि मालमत्तेचं रक्षण करण्याचा हक्क त्यांत आहे. कलम ३७ मात्र मर्यादा घालतं. त्यांतल्या दोन महत्त्वाच्या: पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. जीवघेणा हल्ला, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिडहल्ला अशा प्रसंगी प्रतिकारात हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा संरक्षण देतो.

पहिला फटका बसण्याची वाट पाहावी लागत नाही. धोक्याची रास्त भीती पुरेशी असते. धोका टळला की हक्कही संपतो. पळणाऱ्याला गाठून मारणं हा बचाव नव्हे. हल्ला होत असताना माणसाने प्रत्येक फटका तोलूनमापून मारावा अशी अपेक्षा अवास्तव असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने दर्शनसिंग खटल्यात (२०१०) स्पष्ट केलं.

म्हणून बांधासाठी सरकारी मोजणीचा अर्ज करा, रांगेसाठी ठामपणे बोला. जीव किंवा अब्रू धोक्यात असेल तेव्हा निःशंक प्रतिकार करा, आणि शक्य होताच ११२ क्रमांकावर फोन करा.